अक्षरी डॉलर सहा हजार सातशे नव्वद फक्त

फोन उचलताक्षणी जो आपले अभिनंदन करतो, त्याला आपल्याकडून काहीतरी हवे असते. खरे अभिनंदन करणाऱ्यांना इतकी घाई नसते. आमचे चिरंजीव दहावी पास झाले तेव्हा सख्ख्या साडूंचा फोन चौथ्या दिवशी आला. त्यांनी आधी टक्के विचारले, मग आपल्या मुलीचे टक्के सांगितले आणि फोन ठेवता ठेवता "अरे हो, अभिनंदन बरं का" म्हणाले. याला म्हणतात आपलेपणा!

तरीसुद्धा, पलीकडे हाडामांसाचा माणूस असला तर एक बरे असते. त्याच्यावर ओरडता येते. आपण ओरडलो की तो चपापतो, निदान त्याच्या पोटापाण्याची आपल्याला दया तरी येते. पण पलीकडे नुसते यंत्र असेल तर? आपण घसा फोडून शिव्या घालाव्यात आणि त्याने मंजुळ आवाजात "अधिक माहितीसाठी एक दाबा" म्हणावे! शिवी फुकट गेल्याचे दुःख काय असते ते यंत्राला शिवी देणाऱ्यालाच ठाऊक.

या यांत्रिक फोनाला अमेरिकेत 'रोबोकॉल' म्हणतात. त्याच्या आडून लोकांना गंडा घालणाऱ्यांशी अमेरिकन सरकारने आरंभलेल्या लढाईला तीस वर्षे कधीच उलटून गेली. पानिपतचा निकाल एका दिवसात लागला होता. ही लढाई अजून चालूच आहे. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. बी.कॉम.ला इतिहास नसतो, आणि बँकेत कारकुनाला फक्त मागील बाकी विचारतात, मागील शतक नव्हे. पण या लढाईच्या हकिगतीत मला एक आकडा भेटला आणि माझ्यातला बँकवाला ताडकन जागा झाला. तो आकडा म्हणजे ६,७९०. तो कसला, हे यथावकाश सांगतो. आधी मागची पाने उलटू.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात (तुमच्या मनात आली ती नव्हे). या काँग्रेसने १९९१ साली फोनवरून होणाऱ्या विक्रीला वेसण घालण्याचा कायदा केला आणि त्या कायद्यातच त्या वेळची परिस्थिती नोंदवून ठेवली. तीस हजारांहून अधिक धंदेवाले फोनवरून माल विकत होते. तीन लाखांहून अधिक विक्रेते रोज एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक अमेरिकनांना फोन करीत होते. १९९० या एका वर्षात या मार्गाने ४३५ अब्ज डॉलरची विक्री झाली होती. म्हणजे अमेरिकन माणूस जेवायला बसला की घंटी वाजायची, आणि घंटी वाजली की कोणीतरी गालिचा धुऊन द्यायला तयार असायचे.

पण माणूस विक्रेता झाला तरी त्याच्या काही मर्यादा असतात. त्याचा घसा सुकतो, त्याला डबा खायचा असतो, आणि दिवसाला शंभर जणांनी हाडहूड केले की संध्याकाळी त्याला स्वतःचीच लाज वाटते. यंत्राला यांपैकी एकही अडचण नाही. शिवाय त्या काळची यंत्रे ओळीने नंबर फिरवीत सुटायची. नंबर कोणाचा आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. इस्पितळ असो, अग्निशमन दल असो, यंत्र सगळ्यांना सारख्याच प्रेमाने माल विकायला बघे. त्यातही कहर म्हणजे आपण फोन खाली ठेवला तरी यंत्र लाइन सोडीत नसे. पाहुणे उठले, चपला घातल्या, आणि दारातच उभे राहून पुढे तासभर बोलत राहिले, असला प्रकार! म्हणून त्या कायद्यात चक्क लिहावे लागले की, समोरच्याने फोन ठेवल्याचे कळताच यंत्राने पाच सेकंदांच्या आत लाइन मोकळी केली पाहिजे. असा कायदा दारातल्या पाहुण्यांसाठी आपल्याकडे कधी होणार, कोण जाणे.

या कायद्यामागे फ्रिट्झ हॉलिंग्ज नावाचे साउथ कॅरोलायनाचे सेनेटर होते. हे फोन सकाळी झोपमोड करतात, रात्री जेवताना उठवतात, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना अंथरुणातून बाहेर काढतात, आणि शेवटी फोन भिंतीतून उपटून टाकावासा वाटतो, असे ते सेनेटमध्ये कडाडले. आधुनिक सभ्यतेवरचे अरिष्ट, असा शब्द त्यांनी वापरला. २० डिसेंबर १९९१ रोजी थोरल्या बुश साहेबांनी सही केली आणि कायदा झाला. घरच्या फोनवर परवानगीशिवाय मुद्रित आवाजात जाहिरात ऐकवायची नाही. ऐकवलीच तर ज्याला ऐकावी लागली त्याने कोर्टात जावे आणि दर फोनमागे पाचशे डॉलर घ्यावेत. जाणूनबुजून केलेला असेल तर दीड हजारांपर्यंत. आता वाटते, इतका कडक कायदा झाल्यावर फोनवाल्यांनी गाशा गुंडाळायला हवा होता. पण कायदा कडक असणे आणि गुन्हेगार सापडणे या दोन वेगवेगळ्या खिडक्या आहेत.

खिडक्यांवरून आठवले. हे काम अमेरिकेत दोन कचेऱ्यांकडे आहे. एक फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफ.टी.सी., स्थापना १९१४. धंद्यातली फसवणूक हे तिचे टेबल. दुसरी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफ.सी.सी., स्थापना १९३४. फोन, तारा, रेडिओ हे तिचे टेबल. आता फोनवरून झालेली फसवणूक कोणत्या टेबलाची? ज्याने कधीही सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे त्याने उत्तर ओळखले असेल. दोन्हींची आणि दोन्हींची नाही! त्यातून टेलिफोन कंपन्यांना हात लावायचा अधिकार एफ.टी.सी.ला नाही. म्हणजे चोर एका टेबलाचा आणि ज्या रस्त्याने तो आला तो रस्ता दुसऱ्या टेबलाचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एफ.टी.सी.ने २००३ साली एक झकास कल्पना काढली. ज्यांना विक्रीचे फोन नकोत त्यांनी आपला नंबर एका राष्ट्रीय यादीत नोंदवावा. त्या नंबरावर विक्रेत्याने फोन केला तर दंड. धाकटे बुश साहेब व्हाइट हाउसच्या बागेत उभे राहिले आणि २७ जून २००३ रोजी यादी खुली झाली. पहिल्या चार दिवसांत एक कोटी नंबर! सप्टेंबरपर्यंत पाच कोटी! अमेरिकेत इतक्या लोकांचे इतक्या कमी वेळात दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

फोनवाल्यांचे धाबे दणाणले. त्यांची संघटना कोर्टात गेली. अशात डेव्ह बॅरी नावाच्या मायामीच्या विनोदी लेखकाने आपल्या सदरात त्या संघटनेचाच फोन नंबर छापून टाकला आणि वाचकांना सुचवले की, यांनाही जरा फोन करून बघा. हजारो वाचकांनी केले! संघटनेचा फोन इतका खणखणला की त्यांनी तो उचलणेच बंद केले आणि ध्वनिमुद्रित निरोप लावून ठेवला. वर त्यांच्या प्रमुखांनी तक्रार केली की, या नको असलेल्या फोनांपायी आमचा खर्च वाढतो हो! विनोदी लेखकाच्या हातून इतके समाजकार्य क्वचित घडते. आम्ही लोक बहुधा बायकोच्या माहेरापलीकडे जात नाही.

आता सप्टेंबरातली गंमत ऐका. २३ तारखेला ओक्लाहोमातल्या एका न्यायाधीशांनी निकाल दिला की, ही यादी करण्याचा अधिकार काँग्रेसने एफ.टी.सी.ला दिलेलाच नाही. (टेबल!) जनता खवळली. न्यायाधीशांच्या कचेरीतलाच फोन वाजू लागला. आणि काँग्रेसने काय करावे? २५ तारखेला दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर! एका सभागृहात ४१२ विरुद्ध ८, दुसऱ्यात ९५ विरुद्ध शून्य. त्याच दिवशी डेन्व्हरच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी आणखी एक हरकत काढली. विक्रेत्यांना बंदी पण धर्मादाय संस्थांना मोकळीक, हा भेदभाव भाषणस्वातंत्र्यात बसत नाही म्हणून. एफ.टी.सी.चे हात बांधले गेले तेव्हा दुसऱ्या टेबलावरची एफ.सी.सी. पुढे आली आणि म्हणाली, १ ऑक्टोबरपासून अंमलबजावणी आम्ही करतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच वरच्या कोर्टाने एफ.टी.सी.चेही हात सोडले आणि यादी कायम झाली. एक तपशील मात्र सांगून ठेवतो. यादीतून राजकीय फोनांना सूट आहे. पुढारी माणूस कुठलाही असो, स्वतःचे जेवण वाढायला विसरत नाही.

यादी चांगलीच होती. पण तिच्यात एक बारीकशी खोट होती. ती पाळायला माणूस सभ्य असावा लागे. पत्ता असलेल्या, पाटी लावलेल्या, हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या यादी विकत घेऊन आपल्या नंबरांशी ताडून पाहत आणि नोंदलेल्यांना वगळत. न पाळणारी मोठी कंपनी सापडलीच तर तिच्याकडून वसूलही करता येई. डिश नेटवर्क या उपग्रह दूरदर्शनच्या कंपनीला २०१७ साली कोर्टाने २८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला आणि अपिलानंतर २०२० साली २१ कोटींवर तडजोड झाली. पण ज्याला मुळात फसवायचेच आहे, त्याच्यापुढे यादी म्हणजे 'चोरांनी कृपया मागील दाराने येऊ नये' अशी पाटी.

आणि याच सुमारास चोरांच्या हाती परीस लागला. इंटरनेटवरून फोन करता येऊ लागले. एक संगणक, एक यादी, एक मुद्रित आवाज. फोनाचा खर्च पैशाच्याही अंशात. शिवाय पडद्यावर हवा तो नंबर उमटवायची सोय. म्हणजे फोन परदेशातून यायचा आणि पडद्यावर नंबर दिसायचा शेजारच्या गल्लीतला. पूर्वी सोंग आणायला दाढीमिशा तरी विकत घ्याव्या लागत!

१ सप्टेंबर २००९ पासून एफ.टी.सी.ने विक्रीचे ध्वनिमुद्रित फोन सरळ बंदच केले. ग्राहकाने आधी लेखी संमती दिली असेल तरच करायचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोटारीच्या वॉरंटीच्या नावाखाली सुमारे अब्जभर फोन करणाऱ्या टोळीला तिने कोर्टात खेचले होते. "तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे, ही शेवटची सूचना!" असा तो निरोप. ज्यांच्याकडे गाडीच नाही अशांनाही ही शेवटची सूचना यायची, आणि पुन्हा पुन्हा यायची.

मग आली रेचल. 'कार्डहोल्डर सर्व्हिसेसमधून रेचल बोलतेय' असे सांगून तुमच्या क्रेडिट कार्डाचा व्याजदर कमी करून देते म्हणणारा तो एक मुद्रित आवाज होता. एक दाबले की पलीकडे खरा माणूस यायचा, आगाऊ फी म्हणून शेकड्याने डॉलर घ्यायचा आणि व्याजदर होता तिथेच राहायचा. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे आमच्या आत्या सहा महिने राहायला गेल्या होत्या. भाऊ-वहिनी कामावर गेल्यावर दुपारी घरात त्या एकट्या. एकदा त्या भावाला म्हणाल्या, "अरे, ती एक बाई रोज दुपारी फोन करून रेचक घ्या म्हणते. मी तिला सांगितलं, बाई गं, माझं पोट साफ आहे. तरी ऐकत नाही. पण आवाज गोड आहे हो पोरीचा." भावाने खुलासा केला तेव्हा आत्या जरा हिरमुसल्या. दुपारच्या वेळी त्यांना आपण होऊन फोन करणारे त्या अख्ख्या देशात तेवढेच एक माणूस होते, आणि तेही माणूस नव्हते.

हे हसण्यावारी नेऊ नका. या धंद्याचे गिऱ्हाईक ते हेच. दुपारी घरी असणारे, फोन वाजला की धावत जाऊन उचलणारे, समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत फोन न ठेवण्याइतके सुसंस्कृत.

२०१२ च्या नोव्हेंबरात एफ.टी.सी.ने रेचलच्या पाच कंपन्यांवर खटले भरले. त्याआधी ऑक्टोबरात तिने जाहीर केले की, हे फोन अडवण्याची युक्ती जो सुचवील त्याला ५० हजार डॉलर बक्षीस! सुमारे आठशे युक्त्या आल्या. एप्रिल २०१३ मध्ये दोघांना पंचवीस-पंचवीस हजार मिळाले. सरकारने चोर पकडायला शब्दकोड्यासारखी बक्षीसस्पर्धा काढावी, यावरून ते किती टेकीला आले होते ते कळते.

आता दंडाकडे वळू. एफ.सी.सी.ने दंड ठोकण्याचा सपाटाच लावला. फ्लोरिडातल्या एका गृहस्थाने २०१६ सालच्या शेवटच्या तीन महिन्यांत नऊ कोटी साठ लाख फोन केले. नामांकित हॉटेलांची आणि प्रवासकंपन्यांची नावे घ्यायची, एक दाबले की परदेशातल्या कॉल सेंटरला जोडायचे आणि सुट्टीतल्या घराचा वाटा गळ्यात मारायचा. या फोनांच्या लोंढ्याने डॉक्टरांना तातडीचे निरोप पोचवणारी एक सेवाही विस्कळीत होऊ लागली होती. सेनेटच्या समितीपुढे हजर झाल्यावर हे गृहस्थ म्हणाले, मी काही या धंद्याचा सम्राट वगैरे नाही. मे २०१८ मध्ये त्यांना दंड झाला बारा कोटी डॉलर. सम्राट नसलेल्या माणसाला बारा कोटी, म्हणजे सम्राटाला किती, याची कल्पनाच केलेली बरी.

असे बारा कोटी, आठ कोटी करीत एफ.सी.सी.ने २०१५ पासून या कायद्याखाली केलेल्या दंडांची बेरीज २०१९ च्या मार्चमध्ये झाली २० कोटी ८४ लाख डॉलर. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने एक साधा प्रश्न विचारला, जो आमच्याकडे दर शुक्रवारी विभागीय कार्यालय विचारते: वसुली किती?

उत्तर आले: ६,७९० डॉलर.

मंडळी, हाच तो आकडा. अक्षरी डॉलर सहा हजार सातशे नव्वद फक्त. मी लगेच गणित मांडले. लाखाला सव्वातीन डॉलर पडतात. आमच्या शाखेत वसुली अशी झाली असती तर साहेबांची बदली नकाशावर भिंगाने शोधावी लागेल अशा गावी झाली असती. एफ.टी.सी.ची स्थिती जरा बरी. २००४ पासून कोर्टांनी दीड अब्ज डॉलर द्यायला सांगितले होते, त्यांतले बारा कोटी दहा लाख आले होते, म्हणजे शेकडा आठ. त्या सहा हजार सातशे नव्वदच्या शेजारी हे शेकडा आठ अगदी सोन्याच्या ताटातले वाटते.

कारणेही बँकेच्या माणसाला ओळखीची आहेत. दंड झाला तो कागदावरच्या कंपनीला. दार ठोठावायला जावे तर दारच नाही. पैसे केव्हाच खर्च झालेले किंवा परदेशी गेलेले. आणि एफ.सी.सी.ला दंड ठोठावता येतो, वसूल करता येत नाही. त्यासाठी प्रकरण न्यायखात्याकडे पाठवावे लागते. पुन्हा टेबल!

इथे आपल्या अंगणात यावे लागते, कारण पुष्कळ फोनांचे मूळ गाव सात समुद्रांपलीकडे म्हणजे आपल्याकडे निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापा घातला. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेऊन चौकशी झाली, सत्तरेक जणांना अटक झाली. रात्रभर बसून ही पोरे अमेरिकन नावे धारण करून अमेरिकनांना सांगायची की, मी आयकर खात्यातून बोलतोय. तुमचा कर थकला आहे, आत्ता पैसे भरा, नाहीतर पोलीस दारात येतील. या जातीच्या फसवणुकीत बरेचदा आधी यंत्राने धमकीचा निरोप ठेवायचा आणि घाबरून जो उलट फोन करील तो मासा धरायचा. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने अशाच उद्योगासाठी छप्पन माणसे आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरे यांच्यावर आरोप ठेवले. फसलेल्यांची संख्या निदान पंधरा हजार. २०१८ च्या जुलैत अमेरिकेत एकवीस जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत.

पंधरा हजार हा आकडा वाचून होतो आणि आपण पुढे जातो. तो एकेकटा कसा दिसतो ते मी काउंटरवरून पाहिले आहे, कारण हीच विद्या पुढे आपल्याच लोकांवर चालवली जाऊ लागली. दोन-एक वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात मोबाइल, फोन चालू. एफडी मोडायची म्हणाल्या. आमच्या काउंटरवरच्या मुलीने विचारले, "का हो बाई? व्याज बुडेल ना." बाईंनी ओठांवर बोट ठेवले, स्लिप ओढली आणि तिच्या मागे लिहिले, "बोलू नका. पोलीस ऐकत आहेत." अक्षर मोत्यासारखे. साहेबांनी फोन हातात घेऊन "कोण बोलतंय?" असे दरडावल्याबरोबर पलीकडचे 'पोलीस' अंतर्धान पावले. पैसे वाचले. बाई मात्र खुर्चीत बसून बराच वेळ एवढेच म्हणत होत्या, "मी काही केलेलं नाही हो." त्यांच्या हातचे पाणी हिंदकळत होते. तो दंड वसूल करायचा तर कोणाकडून आणि किती?

म्हणूनच मला या इतिहासाचे पुढचे प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते. चोराचा पाठलाग करून दमल्यावर अमेरिकन सरकारला सुचले की, फोन काही आकाशातून पडत नाही. तो एका कंपनीच्या तारेतून दुसरीच्या तारेत, तिथून तिसरीच्या तारेत, असा हातोहात येतो. चोर सापडत नसेल, पण त्याला आत सोडणाऱ्याला तर कार्यालय आहे, खाते आहे, पत्ता आहे! आमच्या क्लिअरिंगला हे जन्मापासून ठाऊक आहे. चेक खोटा निघाला तर लिहिणारा फरार असेल, पण तो कोणत्या बँकेने पुढे केला त्याचा शिक्का पाठीवर असतोच.

२०२० च्या जानेवारीत न्यायखात्याने असे फोन देशात आणून सोडणाऱ्या छोट्या कंपन्यांवर दावे लावले. त्यांतली एक तर एक नवराबायको ॲरिझोनातल्या आपल्या राहत्या घरातून चालवीत. आपल्याकडे घरातून पापड-लोणची चालतात. यांच्या घरातून तेवीस दिवसांत ७२ कोटी फोन गेले होते. त्यांतले ४२ कोटींहून अधिक एक सेकंदही टिकले नव्हते. एवढ्यावरून कोणाही टेलिफोनवाल्याला संशय यायला हवा होता. कोर्टाने त्यांचे दुकान बंद केले.

त्याआधी ३० डिसेंबर २०१९ रोजी ट्रम्प साहेबांनी नव्या कायद्यावर सही केली होती. त्यानुसार मोठ्या टेलिफोन कंपन्यांनी ३० जून २०२१ पर्यंत प्रत्येक फोनावर जणू सही-शिक्का मारायची व्यवस्था करायची होती. 'अ' शेरा म्हणजे गिऱ्हाईक माहीत आहे आणि नंबरही त्याचाच आहे. 'ब' म्हणजे गिऱ्हाईक माहीत आहे, नंबराचे त्यालाच विचारा. 'क' म्हणजे आमच्या दारातून आत आला एवढे खरे, बाकी देव जाणे. अहो, ही तर आमची केवायसी! या व्यवस्थेचे नाव त्यांनी 'स्टर-शेकन' ठेवले आहे, जेम्स बाँडच्या दारूच्या फर्माइशीवरून. आम्ही केवायसीला इतके रसिक नाव ठेवले असते तर कदाचित खातेदारांनी कागद वेळेवर आणून दिले असते.

याचा गुण येतो का? मोटार-वॉरंटीचीच गोष्ट घ्या. २०२१ साली एका टोळीने तीन महिन्यांत पाच अब्जांहून अधिक फोन केले. तिच्या दोघा म्होरक्यांना फोनवरून विक्री करायला आधीच आजन्म बंदी होती! जुलै २०२२ मध्ये एफ.सी.सी.ने टेलिफोन कंपन्यांना हुकूम दिला की, या टोळीचे फोन पुढे पाठवायचे नाहीत. या जातीचे फोन नव्याण्णव टक्क्यांनी घटले. सुमारे तीस कोटी डॉलरचा दंड त्यानंतर वर्षाने, ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. म्हणजे फोन थांबवले ते दंडाने नव्हे, दाराने. २०२४ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना बायडन साहेबांच्या बनावट आवाजात फोन गेले तेव्हाही एफ.सी.सी.ने फोन करवणाऱ्या सल्लागाराला साठ लाखांचा दंड तर केलाच, पण ते फोन पुढे ढकलणाऱ्या कंपनीलाही दहा लाख मोजायला लावले. फेब्रुवारीत तिने जाहीरही करून टाकले की, संगणकाने हुबेहूब बनवलेला आवाज १९९१ च्या कायद्यातला कृत्रिम आवाजच समजावा. हॉलिंग्ज साहेबांचा कायदा असा तेहेतीस वर्षांनीही कामावर हजर आहे.

लढाई संपली असे मात्र नाही. नको असलेल्या फोनांच्या तक्रारी एफ.टी.सी.कडे २०१७ च्या आर्थिक वर्षात सत्तर लाखांवर होत्या, त्या २०२४ मध्ये वीस लाखांच्या आसपास आल्या. वीस लाख म्हणजे काही थोडे नव्हेत. आपल्याकडेही यादी २००७ साली आली, आणि २०२५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की, खातेदाराला व्यवहाराबद्दल फोन करायचा तर तो १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करा. म्हणजे दाराला निदान रंग देऊन ठेवला आहे. खातेदाराला तो ओळखता आला पाहिजे.

आमच्या शाखेत पूर्वी एक वसुली अधिकारी होते. थकबाकीदारांच्या दारात हिंडून त्यांच्या तीन जोडी चपला झिजल्या होत्या. ते म्हणायचे, "कर्ज वसूल करायची सर्वांत चांगली वेळ एकच. कर्ज देण्याच्या आधीची." वीस कोटींच्या दंडातून सहा हजार सातशे नव्वद डॉलर गोळा केल्यावर अमेरिकन सरकारलाही तेच कळले. बाईंच्या हातातला फोन साहेबांनी हिसकावून घेतला हे ठीकच झाले, पण तो त्यांच्या हातापर्यंत पोचला कसा, हे ज्यांच्या तारेतून आला त्यांना विचारणारे टेबल आपल्याकडे कोणते, एवढे मला कोणी सांगावे. रांगेत उभे राहायची माझी तयारी आहे.